हिमनग दाखवायचा राहिला

मंडळी, मी सोनाळ्याची शिक्षिका. सध्या संशोधकांसोबत दक्षिण ध्रुवाकडे आलेय. आज जहाजावरून माझ्या चौथीच्या वर्गाला व्हिडिओ कॉल लावला. पोरांना खराखुरा हिमनग दाखवायचा होता.

तिकडे नेमकी खिचडीची वेळ. आमच्या शाळेत पोरांच्या आधी खिचडी चाखायचं काम माझंच. सानियाने चमचा थेट मोबाईलसमोर धरला. "मॅडम, पह्यले तुमी चव पाहा ना!"

मी हवेतच घास घेतला. "मीठ कमी हाय गं!"

सगळी पोरं खिदळली. मग सानियाने विचारलं, "मॅडम, तिकडं तुमच्यासंगं कोन जेवते?"

तेवढ्यात रेंज गेली.

इथे ज्याची त्याची ड्युटी, ज्याचं त्याचं ताट. मीही माझं घेऊन खिडकीशी बसलेय. बाहेर हिमनग तसाच उभा आहे.

तुम्ही आज कोणासोबत जेवलात?