रेझाकाकूचं पिंप

यासेनिक गावात दारूची भट्टी एकच. तांब्याची, चाकांवरची, आणि मालक सगळं गाव, म्हणजे कोणीच नाही. आलुबुखार आंबले की ती घरोघर फिरते. निदान फिरायला हवी. यंदा ती ज्युकाच्या अंगणात येऊन बसली होती आणि लाडावलेल्या जावयासारखी निघायचं नाव घेत नव्हती.

इकडे रेझाकाकूच्या पिंपातला चोथा तळाला बसला होता. म्हणजे आता गाळायलाच हवं, नाहीतर सगळ्याचं व्हिनेगर. नवऱ्यामागे तिने एकटीने भरलेलं हे पहिलंच पिंप. "आंद्रिया गेला, आता त्या घरात व्हिनेगरच व्हायचं," असं शेजारचा श्तेफ बोलल्याचं तिच्या कानावर आलं होतं.

ती ज्युकाकडे गेली. भट्टीभोवती बाकं, बाकांवर पुरुष, पुरुषांच्या हातात पेले.

"भट्टी कधी सोडणार?"

"आग विझू दे की काकू. पेटती भट्टी हलवायची नसते," ज्युका म्हणाला आणि त्याने आणखी एक ओंडका आत सरकवला.

काकू तणतणत सरपंचाच्या कचेरीत. आसपासच्या सगळ्या गावांचा कारभार तिथून चालतो. चालतो म्हणजे दाराला कुलूप होतं. झाडलोट करणारी बाई म्हणाली, "साहेब पाहणीला गेलेत." पाहणी कुठे चालली होती ते काकूला ज्युकाच्या अंगणात परतल्यावर दिसलं. मागच्या बाकावर, टोपी डोळ्यांवर ओढून.

"प्रकरण विचाराधीन आहे, काकू," सरपंच म्हणाले. तोंडात खारवलेल्या चरबीचा काप होता.

काकू घरी गेली. पोस्टमनला हाताशी धरून तिने पिंप ट्रॉलीत चढवलं, ट्रॅक्टर काढला आणि थेट ज्युकाच्या फाटकातून आत घातला.

"हे काय?"

"भट्टी येत नाही, म्हणून पिंप आलं. उतरवा."

ज्युकाचा घाणा निघताच काकूचा माल भट्टीत गेला. ज्याचा माल भट्टीत, त्याचा शब्द आगीपाशी. नियम पुरुषांनीच केलेला, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. सरपंचांना तिने ढवळायच्या दांड्याशी उभं केलं. "तळाला लागलं तर निवडणुकीत बघते." लाकडं फोडायला ज्युकाच्या हातात कुऱ्हाड दिली. पहिली धार तिथे कोणी पीत नाही, ती दुखऱ्या गुडघ्यांना चोळतात. तरी श्तेफचा पेला पुढे आलाच.

"तुझे गुडघे पेल्यात असतात का रे?"

मग खरी धार आली. सगळ्यांनी चाखली. काकूने हातातला फडका पिळून पिळून त्याची दोरी केली.

"अगदी आंद्रियासारखी," ज्युका अखेर म्हणाला. त्याच्या मते याहून मोठं कौतुक नव्हतं.

काकूचं डोकंच फिरलं. "आंद्रियासारखी? फळं वेचली मी, बिया काढल्या मी, पिंप घासलं मी, लग्न झाल्यापासून. तो काय करायचा? तुम्ही करता तेच. या इथे, याच बाकावर." मग जरा निवळून म्हणाली, "माणूस चांगला होता. बसायचा मात्र छान."

सरपंचांचा दांडा एकदम जोरात फिरू लागला.

भरलेल्या बुधल्यावर खडूने घराचं नाव घालायची रीत आहे. श्तेफने सवयीने आंद्रियाचं पहिलं अक्षर काढलं, मान वर करून काकूकडे पाहिलं, बाहीने ते पुसलं आणि 'रेझा' लिहिलं.

"मोठं लिही," काकू म्हणाली. "आणि ज्युका, लाकडं संपली. तू बसलास कसा?"