चिंचेने घासलेलं झाकण

आज मुलगी दिवाळीसाठी चिंचेने समई घासत होती. त्या आंबट वासाने मला वीस वर्षं मागे, परदेशातल्या चोआ चू कांग उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये नेलं.

माझी बायको सुमन तिथल्याच नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमधून घरी येणार होती. आजारपणात तिला एका जुन्या जर्मन बिअर-मगाचा नाद लागला होता. कथलाच्या झाकणाची बिजागरी आणि त्यावर कोरलेलं पुसट नाव यांवरून ती त्याचं वय शोधत होती. तिला बरं वाटावं म्हणून मी समईबरोबर ते झाकणही चिंच लावून काथ्याने घासलं.

घरी आल्यावर तिने त्यावरून बोट फिरवलं. "अहो, नाव गेलं की."

"समई बघ, कशी चमकतेय."

"समईला कुणी वय विचारत नाही," ती म्हणाली. पुन्हा तिने तो मग मागितला नाही. पुढच्या दिवाळीला ती नव्हती.

"बाबा, हा कुणाचा?" तो जुना मग उचलून मुलीने आज विचारलं.

"तुझ्या आईचा."

आई न आठवणारी माझी पोर कोऱ्या झाकणावरून बोट फिरवत राहिली.