माझ्या मापाची गाडी

मला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा ते येण्याआधीच आई मला सतरंजीवर बसवून ठेवायची. पोह्यांच्या बशा मावशीची मुलगी आणायची. पाहुणे चपला घालून जिना उतरेपर्यंत मी उठायचं नाही, असं घरात ठरलेलं होतं. तरी शेवटी कुणीतरी बाई म्हणायचीच, "जरा उभी राहा गं, बाळा." मी उभी राहायचे आणि पुढची बोलणी तिथंच संपायची.

लग्नात, हळदीकुंकवात, फोटो काढताना आईचा हात माझ्या पाठीवर असायचा आणि तो खाली दाबत असायचा. "थोडी वाक," ती कानाशी म्हणायची. तिचा माझ्यावर राग नव्हता. तिला भीती वाटायची. पण तिच्या भीतीनं कॉलेजात जाईपर्यंत माझ्या खांद्यांना बाक आला होता.

उंची माझ्याकडं दादांकडून आली. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. ते पैठणकडच्या एका खेड्यातले. वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लागले आणि आम्ही बजाजनगरला राहायला आलो. गावात त्यांच्या उंचीचं केवढं कौतुक. त्यांच्यासाठी मुद्दाम लांब बाज विणून घेतलेली होती आणि आजोबा ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. तीच उंची मुलीत उतरली तेव्हा घरात सुतक आल्यासारखं झालं. मला भाऊ नव्हता. असता तर ती त्याला मिळाली असती आणि सगळं जागच्या जागी राहिलं असतं, असं आई एकदा शेजारणीला म्हणाली. मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू येतंय हे तिला माहीत होतं.

दादांना मोटारसायकलचं वेड. कारखान्यांच्या मागं एक मोठा माळ होता. तिथं रविवारी कामगारांची पोरं जुन्या मोटारसायकली मडगार्ड काढून, मातीत पकड घेणारे गुट्ट्यांचे टायर घालून मातीत पळवायची. खड्डे, चढ, उड्या, सगळं त्यांनी फावड्यानं तयार केलं होतं. वर्षातून एकदोनदा शहरात रीतसर रेसही व्हायची. तिला लोक तिकीट काढून यायचे. दादा मला सोबत न्यायचे, कारण न्यायला दुसरं कुणी नव्हतं. अकरावीत असताना मी त्यांच्या गाडीवर त्या माळावर पहिला फेरा मारला. धूळ दातांत गेली आणि खाली उतरल्यावर मी मोठ्यानं हसत होते. दादाही हसले. मग दर रविवारी मी चालवायला लागले.

पण गाडी मला होत नव्हती. वळणावर गुडघा हँडलला आपटायचा. मातीवर गाडी उभं राहून चालवावी लागते. मी उभी राहिले की हँडल कुठंतरी मांड्यांपाशी राहायचं आणि त्याला धरायला मी कमरेतून दुमडायचे. दोन फेऱ्यांत पाठ भरून यायची. रेस भरवणाऱ्यांपैकी एकानं दादांना सुचवलं की पोरींचा गट वेगळा असतो, त्या स्कूटरवर असतात, हिलाही स्कूटर द्या. आम्ही तेही करून पाहिलं. स्कूटरच्या पुढच्या पत्र्यामागं माझे गुडघे मावेनात. मी पाय बाहेर टाकून बसले तेव्हा कडेची पोरं इतकी हसली की दादांनी मला तिथंच उतरवलं.

 पुढच्या आठवड्यात त्यांनी कुठून तरी शंभर सीसीची एक जुनी मोटारसायकल आणली आणि मागच्या अंगणात पाटावर चढवून उभी केली. दोन्ही बाजूंनी विटा लावल्या. मला म्हणाले, फूटरेस्टवर उभी राहा, जशी माळावर राहतेस तशी. मी उभी राहिले आणि सवयीनं हँडलकडं वाकले.

दादा बाजूला उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "वाकू नको बाई. तू जशी हाईस तशी उभी ऱ्हा. गाडीला वर आणू आपण."

असं मला तोपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. मी सरळ उभी राहिले. त्यांनी माझे हात पुढं धरायला लावले, कोपरं किंचित मोडून, आणि माझ्या मुठी कुठं येतात ते बघून भिंतीवर खडूनं खूण केली. हँडल त्या खुणेपर्यंत न्यायचं होतं.

पुढचे कितीतरी रविवार त्यातच गेले. कारखान्यातून सुट्टी झाल्यावर लेथवर त्यांनी ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे काढून आणले. ते हँडलखाली बसवले. हँडल वर आलं तसं क्लचची वायर ताणली गेली, ब्रेकची आखूड पडली. मग लांब वायरी करून घ्याव्या लागल्या. गुडघ्यांना जागा व्हावी म्हणून फूटरेस्ट खाली घेतले, पण माळावर पहिल्याच चाकोरीत ते जमिनीला घासले आणि मी तोंडावर पडले. दादांनी ते पुन्हा वर घेतले, फक्त जरा मागं सरकवले, आणि म्हणाले की आता सीटच उंच करू. सीटसाठी आम्ही शहागंजला एका चाचांकडं गेलो. ते रिक्षांच्या गाद्या शिवायचे. दादांनी किती उंच पाहिजे ते हातानं दाखवलं, तेव्हा चाचांनी विचारलं की एवढ्या उंच सीटवर बसणार कोण. दादांनी माझ्याकडं बोट केलं. चाचा माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "माशाल्ला. तो फिर कड़क फोम डालते, नरम तो बैठ जाएगा." त्यांनी सीट शिवली ती सपाट, टाकीवर चढत गेलेली, म्हणजे मला पुढंमागं सरकता यावं. माझा पाय मोठा, म्हणून दादांनी गिअरचा दांडाही वेल्डिंग करून लांबवला.

ती गाडी तयार झाली तेव्हा मी तिच्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. कुठं काही आपटलं नाही. बसमधली सीट, कॉलेजचा बाक, ओटा, नळ, आरसा, सगळं मला ठेंगणं. तोवर माझ्या मापाची वस्तू मी वापरलीच नव्हती. घरातला आरसासुद्धा आईच्या उंचीला लावलेला. माझं तोंड बघायला मला गुडघे वाकवावे लागायचे.

ती गाडी मी दोन हंगाम चालवली. नवशिक्यांच्या गटात पोरांबरोबर मला उतरू दिलं, तेही दादांनी पुष्कळ भांडल्यावर. पहिल्या वेळी मी मधेच पडले. दुसऱ्या वेळी चौथी आले. त्या दिवशी शेवटच्या चढावरून गाडी हवेत गेली, मी उभी होते, पाठ सरळ होती, आणि खाली कडेच्या दोरीला रेलून दादा दोन्ही हात वर करून उभे असलेले मला दिसले. मी त्यांना तसं आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

मग लग्न ठरलं. मुलगा बँकेत होता, घर गारखेड्याला, माणसं सुशिक्षित. तो माझ्यापेक्षा चार बोटं ठेंगणा होता. त्याच्या घरच्यांनी ते चालवून घेतलं आणि आपण चालवून घेतलंय हे पुढं कधी विसरू दिलं नाही. अंतरपाटाच्या वेळी त्याच्या पायाखाली एकावर एक दोन पाट ठेवले. माळ घालताना ते हलले, मांडवात हशा पिकला. नवऱ्याच्या तोंडावरून रंग उडालेला मी बघितला आणि मला त्याची दया आली. ती दया मला फार महाग पडली. पुढं प्रत्येक गोष्टीत मी आधी त्याच्या तोंडाकडं बघायला लागले.

मातीवर गाडी चालवायची नाही असं सासरी कुणी म्हणालं नाही. गाडी बजाजनगरलाच आहे तर राहू दे, असं म्हणाले. मी राहू दिली. पहिलं वर्ष असंच असतं, नंतर बघू, असं मला वाटलं.

दिवाळीला आम्ही माहेरी गेलो तेव्हा नवऱ्यानं अंगणातली गाडी बघितली. तिच्याभोवती फिरला. त्याला लहानपणापासून अशा गाड्यांची हौस होती, घरच्यांनी कधी करू दिली नाही, असं तो दादांना सांगत होता. दादांचं तोंड उजळलं. जावई हिशोबी, मोजकं बोलणारा. सासऱ्याशी बोलायला त्याला हा एक विषय सापडला होता. दोघं संध्याकाळपर्यंत अंगणात बसले. मी चहा नेऊन दिला तेव्हा नवरा गाडीवर बसला होता आणि त्याचे पाय जमिनीपासून वर लोंबकळत होते. तो खजील हसला. मीही हसले.

महिन्याभरानं मी एकटीच माहेरी गेले. अंगणात दादा सीटवर वाकून बसलेले. रेक्झिन सोललं होतं आणि करवतीच्या पात्यानं ते फोम कापत होते. पिवळा भुसा त्यांच्या लेंग्यावर सांडला होता. हँडल खाली आलं होतं. ठोकळे कुठं दिसत नव्हते. गिअरचा दांडा कापून पुन्हा आखूड केला होता.

मी विचारलं, हे काय. म्हणाले, "पाव्हण्यांचे पाय टेकत नव्हते."

"मला विचारायचं तरी, दादा."

त्यांनी मान वर केली. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तू आता कुठं चालवनार हाईस, बाई?" म्हणाले, आणि पुन्हा कापायला लागले.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, बरं झालं, जावईबापूंना हौस तरी आहे. मी आत जाऊन बसले. करवतीचा आवाज येत राहिला. दादांचा हात चांगला होता. जेवढ्या निगुतीनं त्यांनी ती गाडी उंच केली होती, तेवढ्याच निगुतीनं ती बसकी करत होते. निदान थोडं वाईट तरी काम करायचं, असं मला वाटत राहिलं.

नवरा त्या गाडीवर दोनदा माळावर गेला. दुसऱ्या वेळी चढावर बसूनच राहिला, उठला नाही. गाडी खाली येताना तो हँडलवरून पुढं फेकला गेला आणि मनगट मोडलं. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या बापानं माझ्या लेकराला मरायला गाडी दिली. मी प्लास्टर निघेपर्यंत नवऱ्याला घास भरवले, त्याची दाढी केली, त्याच्या शर्टाची बटणं लावली. त्यानं मला एकदाही विचारलं नाही की तू तो चढ कसा चढायचीस. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

तो बरा झाल्यावर मी एका दुपारी बजाजनगरला गेले. गाडी ताडपत्रीखाली होती. दादा कारखान्यात होते. मी तिला किक मारली, माळाच्या कडेपर्यंत नेली आणि एक फेरा मारून बघितला. गुडघे कोपरांना लागले. उभी राहिले तर हँडल हाताला येईना. मी तिला ढकलत परत आणली.

दादा आल्यावर मी म्हणाले, मला ही पुन्हा होती तशी करून द्या. सासरी मी बघते काय ते. दादा बराच वेळ चप्पल काढत राहिले. मग म्हणाले की ठोकळे कारखान्यात कशाला तरी वापरून टाकले.

"दुसरे काढा."

"काढता येतील," ते म्हणाले. "पण पाव्हण्यांना काय वाटंल? त्यांचा हात मोडला त्या गाडीवर, अन् तू चालवायची?"

मी तेव्हा भांडायला हवं होतं असं लोक म्हणतील. मी भांडले. तासभर भांडले. आई मधे पडली, शेजारी दारात आले. दादा शेवटी म्हणाले, जेवून जा. त्यानंतर थोड्या दिवसांनी त्यांनी गाडी कुणाला तरी देऊन टाकली. कुणाला ते मला सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

दादा निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्या टूलरूममधले एक जुने सोबती त्यांना भेटायला आले. मी त्या दिवशी तिथंच होते. दोघं जुन्या मशिनींबद्दल, माळाबद्दल बोलत होते. तो माळ आता राहिला नव्हता, तिथं शेड उभ्या राहिल्या होत्या. दादा सांगायला लागले की आमच्या पाव्हण्यांसाठी मी एक गाडी तयार केली होती, मातीवरची, सगळी हातानं, त्यांच्या मापानं. सीट कशी कापली, हँडल कसं उतरवलं, सगळं सांगितलं. सांगताना हात तसेच फिरत होते.

सोबती ऐकत होते. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पण ती गाडी हिची ना? मी बघितलीय हिची रेस. लई चालवायची."

दादांनी हात खाली घेतले. "व्हय," म्हणाले. "हीबी बसायची कधीमधी."

सोबती माझ्याकडं बघत राहिले, मी काही बोलेन म्हणून. मी त्यांना चहात साखर कमी झाली का एवढं विचारलं आणि आत गेले.

दादा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या आठवणीनं डोळे भरून येतात, असं मी चारचौघांत म्हणते, कारण तसं म्हणावं लागतं. ते दोरीला रेलून हात वर केलेले दादा मला खरंच आठवतात. पण लगेच पुढं तो शब्द येतो, कधीमधी, आणि डोळे कोरडे राहतात.