मुखपृष्ठावरची बाई

माझ्या सुभेदार सासऱ्यांची लष्करी ट्रंक आज उघडली. डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर वर आली ती एक जुनी रहस्यकथा. मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली, पदर ढळलेली, पिस्तूल रोखलेली बाई. ती बाई मीच.

माझे यजमान मिरजेत अशी मुखपृष्ठं रंगवायचे. चित्रासाठी बाई कुठून आणणार? मलाच हातात लाटणं देऊन उभं करायचे आणि कागदावर लाटण्याचं पिस्तूल करायचे. चेहरा बदलायचं कबूल केलं होतं. पण त्या खेपेला हनुवटीवरचा तीळसुद्धा तसाच ठेवला.

आणि पलूसहून आलेल्या मामंजींनी नेमकं तेच पुस्तक उचललं. त्यांच्यासमोर माझ्या डोक्यावरचा पदर कधी हलला नव्हता. मी चहा घेऊन दारातच थिजले. यजमानांचा ब्रश पाण्यातच थांबला. मामंजी चित्राकडे बघत राहिले, बघतच राहिले.

"पिस्तूल आसं धरत्यात व्हय रं?" अखेर ते लेकाला म्हणाले. "मनगट लय ढिलं पडलंय. गोळी आभाळात जाईल." मग माझ्याकडे न बघताच चहा घेतला आणि जाताना पुस्तक पिशवीत टाकून नेलं.

त्यांनी ओळखलं नाही, या आनंदात मी त्या दिवशी शिरा केला होता.

आज पुस्तक खिडकीशी नेलं. चित्रावर कुठं डाग नाही, दुमड नाही. हनुवटीवरचा तीळ तेवढा कुणीतरी ब्लेडनं अलगद खरवडून काढलाय.