मी घेतलेल्या पन्नास बैठका

हसायचं असेल तर आधी हातातला चहा संपवा. फजिती माझी आहे, आणि मी ती झाकून सांगणार नाही.

लढाई नुकतीच संपली होती. कऱ्हाडात माझी गुळाची अडत, आणि चौथीपुढं शाळा न बघितलेला मी हायस्कुलाच्या कमिटीवर! पोरांना व्यायाम शिकवायला आम्ही लढाईवरून परतलेला एक हवालदार ठेवला होता, कडेगावकडचा. पोरं पहाटे पळायला लागली, चहाऐवजी दूध मागायला लागली. पण हवालदाराची नोकरी कच्ची. शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब येऊन कवायत बघणार. पसंत पडली तर कायम, नाहीतर घरी. अन् घरात चार लेकरं.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी हवालदार पेढीवर आला.

"शेट, आई आजारी हाय, गावाकडं जाऊन सकाळी येतो. आज पोरांच्या पन्नास बैठका घ्या. लय न्हाई, पन्नासच."

"अहो हवालदार, रोज शेकड्यानं ढेपा मोजणारा माणूस मी! पन्नासाचं काय सांगता?"

झालं! मैदानात पोरं रांगेत, मी खुर्चीत.

आता आमच्या अडतीवर मोजायची रीत अशी, की पुढची ढेप काट्यावर येईपर्यंत चालू आकडा तोंडातून सोडायचा नाही, म्हणजे विसरत नाही. "साताऽ सात, सात, सात..." मग आठ. वीस वर्षांचं वळण! मी डोळे मिटून त्याच चालीत सुरू.

आणि हवालदारानं पोरांना काय शिकवलेलं? आकडा कानावर पडला की एक बैठक. विचारायचं नाही, थांबायचं नाही!

तिसाच्या सुमारास धप्पकन आवाज झाला. डोळे उघडतो तर पुढची रांग जमिनीवर.

"काय रं, तिसातच गळाला?"

"आवं शेट, कसलं तीस?" एक उंच पोरगा धापा टाकत म्हणाला. "दीडशे झाल्या!"

उद्या साहेब! दुपारभर तेलाची बाटली घेऊन पोरांच्या घरोघर हिंडलो. एका आईनं दारातच धरलं, "पोरगं पाटावर बसंना झालंय. काय केलंसा तुमी?" काय सांगणार? बाटली तिच्या हातात दिली आणि पळालो.

सकाळी हवालदार आला. पोरं फेंगडी चालत मैदानात येताना त्यानं बघितलं. मी सगळं सांगितलं. तो खाली बसून पोरांच्या मांड्या चोळायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो!

साहेबांनी बैठका घ्यायला सांगितल्या. पोरं खाली गेली ती वर येईनात.

"मास्तर कोण इथला?" साहेब कडाडले.

हवालदार ताठ उभा. चूक माझी, पण नाव घेईना! शेवटी मीच पुढं झालो. "साहेब, यांचा दोष नाही. मोजणारा मी." आणि सगळी रीत सांगितली.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पोटाशी जरा जास्त वेळ थांबले.

"असं? मग पाच बैठका मारून दाखवा."

पहिल्याच बैठकीला खाली गेलो, तो तिथंच राहिलो. धोतर सावरू की जीव? शेवटी त्याच आखडलेल्या पोरांनी काखेत हात घालून मला उभं केलं.

दीडशे बैठका न कुरकुरता मारणारी पोरं घडवली म्हणून हवालदार कायम झाला. साहेबांचा शेरा हेडमास्तरांनी भर सभेत मलाच वाचायला लावला. शेवटची ओळ अशी होती: "मुलांची प्रकृती उत्तम. व्यायामाची तातडीची गरज कमिटीला आहे."