अँतेल्मची झोप

ल्यों शहराच्या जुन्या भागात घराला दोन दारं. एका गल्लीतून शिरायचं, बोळ आणि चौक ओलांडून दुसऱ्या गल्लीत निघायचं. रेशमाचे तागे भिजू नयेत म्हणून विणकर याच वाटेनं सोन नदीकडं उतरायचे. आता रेशीम गेलं, बोळ राहिला, अन् तो बघायला जग लोटलं. सिदोनीच्या वाट्याला असलाच चौक आलेला.

तिचा नवरा अँतेल्म रात्रभर पाव भाजायचा, सकाळी येऊन आडवा व्हायचा. डॉक्टरनं बजावलेलं, झोप मिळाली नाही तर हे काळीज फार दिवस ओढणार नाही. अन् खाली चौकात कुणी खाकरलं तरी त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर ढोल वाजे.

नगरपालिकेनं डागडुजीला हातभार लावायचा, घरवाल्यांनी दिवसा दारं उघडी ठेवायची, असा करार. सिदोनीनं 'शांतता राखा' अशी पाटी लावली. लोक पाटीचेच फोटो काढत थांबू लागले.

"अहो ओरेल्यँ, हळू बोला की! माणूस झोपलाय," ती खिडकीतून वाटाड्यावर करवादली.

"बघा मंडळी, या इथल्या अस्सल रहिवासी!" त्यानं वर बोट केलं. सगळ्या माना वर.

"अस्सल तुझी आजी!"

घोळका गेला तशी ती तरातरा खाली उतरली. करार गेला चुलीत! नदीकडच्या दाराला कुलूप घालून ती वर येऊन बसली. जन्म या घरात गेला, पण रागाच्या भरात वरच्या गल्लीचं दुसरं दार ध्यानातच राहिलं नाही. पुढचा घोळका वरच्या गल्लीतून आला अन् बंद दाराशी अडला. मागून आणखी एक. धडाधड थापा, "उघडा हो!"चा गिल्ला.

अँतेल्म उठून बसला. "आग लागली का काय?"

"दार लावलं मी. तुमच्यासाठीच."

"एकच?"

सिदोनीनं हातातल्या एकुलत्या किल्लीकडं पाहिलं.

"अगं, वरनं पाणी चालू ठेवून खाली बांध घातलास. तळं साचलं की चौकात!"

ती चडफडत गेली, कुलूप काढलं. जाणारा प्रत्येक जण "मेर्सी" म्हणत मोठ्यानं तिचे आभार मानून गेला. शेवटी काखेत उशी मारून अँतेल्म जिना उतरला.

"तुम्ही कुठं?"

"भट्टीवर. पिठाच्या पोत्यांवर पडतो. तिथं कुणी इतिहास सांगत नाही."

घोळक्याच्या शेपटाला लागून तो बाहेर पडला. किल्ली मुठीत आवळून सिदोनी बघत राहिली. वरच्या दारातून ओरेल्यँचा आवाज पुन्हा आत शिरत होता.