कोपऱ्यातली कवडी आन अकोल्याची मशीन

त्या दिवशी अकोल्याच्या दुकानात आमी चौघं होतो. मी, माही सून, अमरावतीहून आलेली माही लेक, आन थो दुकानदार. पोरगा नव्हता, थो फवारनीले लागला होता. हे आंधीच सांगून ठेवतो. मंग कोनी म्हनाले नको का मीबी होतो तथी.

मशीन घ्याची होती. मले गोधड्या शिवाले, आन सुनेले ब्लाऊजवर भरतकाम कराले. एकच मशीन दोन्ही कामाची पाह्यजे, असं त्या दोघी म्हनत. मले भरोसा नव्हता. माही बोटं आखडली तवापासून घरात कुजबुज सुरू झाली होती. सून मोबाईलवर मशीनी पाहे, मी जोळ गेली का मोबाईल उलटा ठेवे. लेक फोनवर म्हने, "आई, आता तू आराम कर." जलमभर कोनी म्हनलं नाही आराम कर. आताच काहून म्हनून राहिले?

माहे मालक गेले तवा पोरं लहान होती. दिवसा कापूस वेचे, घरी आली का गोधडी घेऊन बसे. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक टाकाची आन हातानं टाके घालाचे. परतवाड्याच्या बाजारात नेऊन इके. एखाद्या बाजारी काईच नाही खपे, तं तेच वझं डोक्यावर घेऊन वापस. रडून नाही राहिली मी, झालं थे सांगून राहिली. त्या टाक्यावर दोन लेकरं मोठी झाली आन घरात माह्या शब्दाले वजन आलं. सुई गेली तं मले कोन इचारनार? एवढीच धास्ती होती, दुसरी नाही.

म्हनून मीबी एक केलं. दुकानवाले नमुना दाखवतात थो नव्या कोऱ्या कपड्यावर. त्याच्यावर कोनतीबी मशीन चालते. मी घरून अर्धी शिवलेली गोधडीच पिशवीत घालून नेली. लेकीच्या पोरीले लेकरू होनार होतं, तिच्यासाठी घेतली होती. बोटापायी पडून राहिली.

आमच्याकडं लेकराच्या गोधडीच्या कोपऱ्यात कवडी घालतात. माही सासू सांगे, गोधडीचं पोट रिकामं ठेवू नाही. पयले ज्वारीचे दाने घालत. पन गोधडी धुतली का त्याले मोड फुटत, मंग कवडी आली. त्याच कोपऱ्यापासून शिवाले घेतात. म्हंजे कवडी आत होतीच. मी सांगतलं नाही कोनाले. मले पाह्यचं होतं.

दुकानदारानं चहा मांगवला. मी हात नाही लावला.

"घ्या ना आजी, थंडा होऊन राहिला."

"मी तुही आजी नाही. गिऱ्हाईक हावो."

"आई, असं बोलतात का?" लेक म्हने.

"तू माह्याकडून आली का याच्याकडून?"

पयले त्यानं पडद्यावाली मशीन दाखवली. बटन दाबलं का आपोआप फूल निघे. "तुमाले काईच कराची गरज नाही आजी."

"मंग मी काय करू?"

"बसून पाहाचं."

थो हासला, लेक हासली. सून नाही हासली. मंग थो म्हने, "घरची जुनी पायाची मशीन घेऊन या. बदल्यात घेतो मी."

माह्या अंगात आग उठली. "माह्या घरी जुनी मशीन हाये, हे तुले कोनं सांगतलं?"

त्यानं सुनेकडं पायलं. सुनेनं खाली पायलं. झालं, मी म्हनलं, हे आंधीच ठरलेलं हाये. ती मशीन मालकानं आनलेली. लोखंडी पायाची, जड. जाड गोधडी तिच्यानं होत नाही, पन तुकडे जोडाले अजून वापरतो मी.

मी पिशवीतून गोधडी काढली आन त्याच्यापुढं टाकली. "याच्यावर चालवून दाखव."

त्यानं मोटारवाली मशीन लावली. सरळ गेली सुर्रकन. कोपरा आला आन कट् आवाज झाला. सुई तुटली, तुकडा उडून काउंटरवर पडला.

"काय टाकलं व आजी याच्यात?"

"तुह्या मशीनले नाही समजलं?"

सून म्हने, "आत्याबाई, तुमाले माईत होतं ना?"

ती उठली. कडेले पायानं चालवाची एक मशीन होती, साधी, बिनापडद्याची. तिच्यावर बसली. त्याच कोपऱ्याले मिळनारी गोधडीची दुसरी बाजू लावली, हयूहयू पाय मारत आली. कोपरा जोळ आल्यावर पाय थांबवला. अंगठ्यानं चाचपलं, चाक हातानं फिरवलं, आन कवडीच्या बाजूनं टाके नेले. मी तिले हे कधी शिकवलं नव्हतं.

"कुठं शिकली?"

"इतके वर्षं तुमच्यासमोर बसून राहिली नं मी."

मंग तिनं दुकानदाराले इचारलं, "मशीनचं हे वरचं मुंडकं आमच्या घरच्या लोखंडी पायावर बसन ना? फोनवर इचारलं होतं मी." थो म्हने बसते. सुईखालचे कपडा सरकवनारे दाते खाली केले का कपड्याले रिंग लावून भरतकामबी होते. जुनं मुंडकं द्या नाही तं ठेवा, तुमची मर्जी.

ती माह्याकडं वळली. "तुमाले सुई धरता नाही येत. पन पाय तं चालतात. कपडा तळहातानं सरकवता येते."

मी लगेच नाही मानलं. "मंग मोबाईल उलटा काहून ठेवे?"

"तुमी भाव पायला असता तं घरातून निघाल्या असत्या का?"

लेक एवढी हासली का दुकानदाराचा चहा सांडला. मी म्हनलं, हेच घ्या. जुनं मुंडकं नाही देनार.

गोधडी झाली. लेकराच्या आंधी झाली. सून ब्लाऊजवर फुलं काढते, मंग मी बसतो. बसाच्या आंधी तिनं दाते वर केले का नाही, हे अजूनबी वाकून पायतो. तिले राग येते. येऊ दे.

वाचनाऱ्याले एकच सांगनं हाये. तुमच्या हाती कोनाची जुनी गोधडी आली आन मशीनवर घ्याची असन, तं पयले चारी कोपरे अंगठ्यानं दाबून पाहा. कवडी लागली तं काढू नका. बाजूनं शिवा.